लिलावात गेलेलं यंत्र : मायापुरी, २०१०

२६ फेब्रुवारी २०१० रोजी दिल्ली विद्यापीठानं जुन्या सामानाचा लिलाव केला. त्यात रसायनशास्त्र विभागातलं एक अवजड यंत्र होतं. पश्चिम दिल्लीतल्या मायापुरी भागात भंगाराचा मोठा बाजार भरतो, तिथल्या व्यापाऱ्यानं ते उचललं. मार्चमध्ये यंत्र मायापुरीत पोहोचलं आणि कामगारांनी ते फोडलं. एप्रिल उजाडला तेव्हा त्या गल्लीतली माणसं आजारी पडायला लागली होती. उलट्या, जुलाब, काळी पडलेली कातडी, गळणारे केस. एकूण आठ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, त्यांतला एक कामगार एप्रिलच्या अखेरीस दगावला. अणुअपघातांची तीव्रता मोजायची जी आंतरराष्ट्रीय सात पायऱ्यांची मोजपट्टी आहे, तिच्यावर ही घटना चौथ्या पायरीवर नोंदली गेली.

त्या यंत्राच्या पोटात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू होता. विकणाऱ्यांनी तो विकला, घेणाऱ्यांनी घेतला, कापणाऱ्यांनी कापला, आणि आपण काय हाताळतोय हे त्यांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

हे प्रकरण सांगताना बोट सहसा शेवटच्या माणसाकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे वळतं. शिकलेला नाही, समजलं नाही, जीव गेला. मला ही मांडणी पटत नाही. मायापुरीत जे माहीत नव्हतं, ते तिथे माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. विद्यापीठाच्या दारातून ते यंत्र बाहेर पडलं तेव्हाच प्रकरण हाताबाहेर गेलेलं होतं. म्हणून आधी ते दार बघू.

यंत्र आणि त्याचं न बंद होणं

यंत्राचं नाव गॅमासेल २२०. अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कॅनडाच्या सरकारी कंपनीनं बनवलेलं. दिल्ली विद्यापीठाकडे ते १९६८ पासून होतं. एखाद्या पदार्थावर गॅमा किरणांचा मारा केला तर त्याच्यात कोणते रासायनिक बदल होतात, हे तपासायला असं यंत्र वापरतात. रचना साधी असते. आत कोबाल्टच्या कांड्या वर्तुळात उभ्या असतात आणि त्यांच्याभोवती शिशाची जाडजूड भिंत असते. नमुन्याची कुपी वरच्या कप्प्यात ठेवायची, कप्पा खाली सरकून कांड्यांच्या मधोमध जातो, ठरलेला वेळ झाला की वर येतो. किरणं बाहेर येत नाहीत. यंत्र धड असेल तर त्याच्या शेजारी टेबल मांडून वर्षानुवर्षं काम करता येतं.

इथेच पहिली गफलत होते. क्ष-किरण यंत्राचा प्लग काढला की किरणं थांबतात, कारण ती विजेवर तयार होतात. कोबाल्टला वीज लागत नाही. गॅमासेलची वीज तोडली तर फक्त कप्पा खाली-वर करणारी मोटर थांबते. आतला कोबाल्ट रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही, किरणं सोडतच राहतो. अडगळीत लोटलेल्या यंत्राला आपण सर्रास ‘बंद पडलेलं’ म्हणतो. दिल्लीतलं हे यंत्र १९८५ नंतर वापरात नव्हतं, पण ते बंद एक क्षणही नव्हतं.

दुसरी गफलत जास्त बारीक आहे आणि ती शिकलेल्या माणसालाच होऊ शकते. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षांचं. म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते. १९६८ चा माल धरला तर २०१० पर्यंत आठ वेळा निम्मी झाली, म्हणजे मूळच्या साधारण अडीचशेव्या भागावर आली. रसायनशास्त्रज्ञाच्या लेखी असं यंत्र मेल्यात जमा. पूर्वी तासाभरात व्हायच्या प्रयोगाला आता दहा-दहा दिवस लागणार. मग त्याला ‘निकामी’ शेरा मिळाला तर नवल नाही.

पण हा हिशेब कुपीतल्या पदार्थाचा झाला. शोषलेल्या किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात, आणि पदार्थावरच्या प्रयोगांत ती हजारो ग्रे इतकी असते. माणसाचं काय? सगळ्या शरीराला थोड्या वेळात चारएक ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं वाचत नाहीत. प्रयोगाला कुचकामी ठरलेली ताकद जीव घ्यायला पुरून उरते. निकामी आणि निरुपद्रवी यांत एवढं अंतर आहे, आणि हे अंतर त्या यंत्राच्या मालकाला माहीत असणं ही त्या मालकीची किमान अट होती.

नोंद राहिली, माहिती गेली

सरकारी किंवा विद्यापीठाच्या कार्यालयात काम केलेल्या कुणालाही डेड स्टॉक रजिस्टर माहीत असतं. टेबल, कपाट, पंखा, सूक्ष्मदर्शक, प्रत्येकाला एक क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत. वस्तू हरवली तर संबंधिताच्या पगारातून कापून घेतील, इतकी ही यंत्रणा वस्तूंच्या बाबतीत कडक. पण त्या रजिस्टरात ‘ही वस्तू काय करते’ आणि ‘हिची विल्हेवाट कशी लावायची’ असे रकाने नसतात. ती माहिती वापरणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि वापरणारा निवृत्त होतो.

१९८५ ते २०१० म्हणजे पंचवीस वर्षं. एवढ्या काळात एखाद्या विभागातली प्राध्यापकांची जवळजवळ एक पिढी बदलते. प्रयोगशाळा सहायक बदलतात, कुलपांच्या किल्ल्या हातोहात जातात, माहितीपुस्तिका कुठल्यातरी कपाटात किंवा रद्दीत जाते. यंत्र जागेवरच उभं असतं, कारण काही टनांची वस्तू सहज हलत नाही. त्यानं कुणाला त्रास दिला नाही, आवाज केला नाही, बिल आणलं नाही. प्रश्न विचारायला भाग पाडेल असं काहीच त्यानं केलं नाही. खरं तर कंपनीनं ते इतकं चोख बनवलं होतं की त्याच्याबद्दल काही माहीत नसतानाही चार दशकं कुणाचं काही बिघडलं नाही. उत्तम बनावटीच्या वस्तू मालकाला असं बेफिकीर करतात. खराब यंत्र असतं तर कुणीतरी कधीतरी तक्रार केली असती, तंत्रज्ञ आला असता, त्यानं पाटी वाचली असती.

कायद्याच्या बाजूनंही एक विचित्र फट होती. यंत्र आलं तेव्हा १९६२ चा अणुऊर्जा कायदा होता, पण किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम १९७१ मध्ये आले आणि या सगळ्यावर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. मुंबईत अणुशक्तीनगरला त्याचं मुख्यालय आहे. म्हणजे मंडळ जन्माला आलं तेव्हा हे यंत्र पंधरा वर्षांचं होतं, आणि दोनच वर्षांत ते वापरातून गेलं. जन्माच्या दाखल्यावर नाव नसलेल्या माणसाची मृत्यूची नोंद कोण शोधणार?

तरीही माझ्या मते यात मंडळापेक्षा विद्यापीठाचा दोष मोठा. रसायनशास्त्राचा विभाग होता तो. किरणोत्सर्ग म्हणजे काय हे शिकवणारी माणसं त्याच इमारतीत होती. अर्धायुष्याची गणितं विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतली जात होती. ज्ञान फळ्यावर होतं, आणि त्याच ज्ञानाचा मूर्तिमंत नमुना आपल्या ताब्यात आहे हे लिलावाच्या कागदावर सही होताना कुणाच्या मनात आलं नाही. जागा मोकळी करायची घाई आणि भंगाराला मिळणारा भाव, एवढ्यावर निर्णय झाला.

रीतसर मार्ग होता आणि तो फार अवघडही नव्हता. असा किरणोत्सर्गी स्रोत, म्हणजे किरणं सोडणारा ऐवज, नको झाला की नियामक मंडळाला कळवायचं, आणि त्यांच्या परवानगीनं तो बनवणाऱ्याकडे परत द्यायचा किंवा अणुऊर्जा विभागाच्या स्वाधीन करायचा. त्यासाठी प्रशिक्षित माणसं येतात, शिशाच्या कोठीत तो नेतात. पण हा मार्ग शोधायला मुळात ‘हा स्रोत आहे’ हे ठाऊक असावं लागतं.

मायापुरीतलं ज्ञान

भंगाराच्या बाजारात अडाणी माणूस टिकत नाही. ठोकून आवाजावरून धातू ओळखणं, घासून रंग बघणं, चुंबक लावून लोखंड वेगळं काढणं, हातात धरून वजनाचा अंदाज घेणं, हे तिथलं शिक्षण आहे आणि ते पक्कं असतं. कुठल्या जोडात पितळ निघेल, कुठल्या मोटरीत किती तांबं, हे त्यांना यंत्र बनवणाऱ्यापेक्षा चटकन सांगता येतं. शिसं तर हातात घेताक्षणी कळतं, आणि त्याला भाव चांगला.

गॅमासेलकडे या नजरेनं पाहा. जे शिसं माणसाचं संरक्षण करायला होतं, तेच त्या यंत्रातला विकाऊ माल होतं. साध्या यंत्राचं वेष्टण फेकायचं आणि आतलं ठेवायचं असतं. इथे वेष्टण हाच यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग होता, आणि ते सोलून काढणं हे भंगाराच्या धंद्याच्या तर्काला धरूनच होतं. त्यांनी आपलं काम बरोबर केलं. मिळालेल्या माहितीवर दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

आतला कोबाल्टचा स्रोत कापला गेला आणि त्याचे अकरा तुकडे झाले. आठ त्याच आवारात राहिले, दोन शेजारच्या एका दुकानात गेले. सर्वांत लहान तुकडा एका दुकानदारानं पाकिटात ठेवला.

पाकिटाचा तपशील ऐकून लोक हळहळतात, पण त्यामागचं गणित क्वचितच सांगितलं जातं. अशा लहानशा तुकड्यापासून अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते. उलट, एक मीटरवरचा तुकडा एका सेंटीमीटरवर आणला तर मात्रा ढोबळमानानं दहा हजार पट वाढते. दुकानाच्या कोपऱ्यात पडलेला मोठा तुकडा आणि मांडीला चिकटलेला बारकासा तुकडा यांत धोकादायक कोण, याचं उत्तर आकारावरून मिळत नाही. आणि पाकीट माणूस दिवसभर बाळगतो.

किरणोत्सर्गाला वास नाही, चव नाही, तो चटकाही देत नाही. उलट्या सुरू झाल्या तरी माणूस आधी काय खाल्लं ते आठवतो. मग काही दिवस बरंही वाटतं. त्याच काळात अस्थिमज्जेतल्या पेशी मरत असतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटत जातात. हात भाजल्यासारखा दिसायला लागतो तेव्हा भाजण्याचं कारण पंधरा दिवस मागे पडलेलं असतं. त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड घालणं पेशंटला तर अवघडच, पण डॉक्टरलाही सोपं नाही. दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ती घातली, हे या प्रकरणातलं सर्वांत कौतुकाचं काम. एका भंगार दुकानदाराची कातडी, रक्त आणि लक्षणं एकत्र पाहून त्यांना किरणोत्सर्गाची शंका आली आणि ७ एप्रिलला नियामक मंडळाला कळवलं गेलं. त्यांनी त्वचारोग म्हणून मलम दिलं असतं तर ते तुकडे आणखी किती दुकानं फिरले असते, सांगता येत नाही.

पुढचं काम यंत्रणांनी भराभर केलं. भाभा अणुसंशोधन केंद्र, नरोरा अणुवीज केंद्र आणि इतर संस्थांच्या तज्ज्ञांनी उपकरणं घेऊन गल्ल्या पिंजून काढल्या, एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळे तुकडे गोळा करून नरोऱ्याला नेले. सुरुवातीला परदेशातून आलेल्या भंगारावर संशय होता. माग काढत काढत एप्रिलच्या शेवटी गाडी पोहोचली ती त्याच शहरातल्या विद्यापीठात.

एका बाबतीत नशीब बलवत्तर. कोबाल्ट धातूच्या रूपात होता, म्हणून तुकडे शोधून उचलता आले. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या दवाखान्यातलं उपचाराचं यंत्र असंच भंगारात गेलं. त्यात सीझियम-१३७ होतं, तेही भुकटीसारखं, पाण्यात विरघळणारं. निळसर चमकतं म्हणून लोकांनी ते घरी नेलं, एकमेकांना वाटलं. चार जण गेले, एक लाखाहून जास्त लोकांना तपासावं लागलं, घरं पाडावी लागली.

चिन्ह कुणासाठी

यंत्रावर किरणोत्सर्गाचं चिन्ह असेल की, असा प्रश्न हमखास येतो. पिवळ्यावर तीन पाकळ्या, मध्ये ठिपका. हे चिन्ह ओळखणारा माणूस मुळात ते यंत्र भंगारात घालणार नाही, आणि भंगारातल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी शिकवलेला नसतो. त्याच्या दृष्टीनं तो पंखा आहे किंवा कंपनीचा शिक्का. ही अडचण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लक्षात आली होती. भारतासह अकरा देशांतल्या लोकांवर तपासून पाहून २००७ मध्ये त्यांनी नवं जोडचिन्ह आणलं. लाल त्रिकोण, वर किरणं, खाली कवटी आणि पळत सुटलेला माणूस. ते यंत्राच्या बाहेर लावायचं नाही, तर आत, कुणी खोलायला घेतलं तरच दिसेल अशा जागी स्रोताजवळ लावायचं. कल्पना अक्कलहुशारीची आहे. वाचता न येणाऱ्या माणसाला गृहीत धरून केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं. १९६८ च्या यंत्राच्या पोटात ते असणं अर्थातच शक्य नव्हतं.

आणि हे फक्त दिल्लीचं दुखणं नाही. मायापुरीच्या दीड वर्ष आधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं किरणोत्सर्गी निघाली. त्यांतल्या पोलादात कोबाल्ट-६० होता, आणि माग काढल्यावर धागा भारतात, खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत आला. भंगारात कुठूनतरी स्रोत आला, भट्टीत वितळला, पोलादात मिसळला, आणि मुंबई-पुण्याच्या मधल्या गावातून युरोपातल्या लिफ्टपर्यंत गेला. मोजणारं यंत्र होतं म्हणून कळलं.

वाचून कोबाल्टचीच धास्ती घेऊ नये म्हणून सांगतो. लासलगावला कांदा आणि आंबा किरणांखाली धरणारं केंद्र आहे, तिथेही कोबाल्ट-६० च आहे. तिथून प्रक्रिया होऊन हापूस २००७ पासून अमेरिकेला जातो. कोबाल्ट तोच, पण तिथे काय आहे हे माहीत असलेली माणसं रोज कामावर असतात. आणि ज्या गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन लग्नाच्या वराती निघायच्या, त्यांच्या जाळीदार मॅन्टलमध्ये थोरियम असायचं, तेही किरणोत्सर्गीच. मात्रा किरकोळ, म्हणून त्यापासून पळायची गरज नाही, पण आपल्या अंगणात ते होतं हे किती जणांना ठाऊक होतं?

नंतर

विद्यापीठाला नियामक मंडळाची कारणे दाखवा नोटीस गेली, किरणोत्सर्गी पदार्थ वापरण्याची परवानगी स्थगित झाली. कुलगुरूंनी नैतिक जबाबदारी घेतली. २०१२ मध्ये कॅगनं नियामक मंडळाच्या कामावर अहवाल दिला, त्यात वापरून झालेल्या स्रोतांची सुरक्षित विल्हेवाट लागली की नाही हे पडताळण्याच्या व्यवस्थेवर ताशेरे होते. मंडळानं परवाने आणि नोंदींसाठी ई-लोरा ही ऑनलाइन प्रणाली उभी केली. आता नवा स्रोत विकत घ्यायचा तर त्याची नोंद जन्मापासून होते.

नव्याची सोय झाली, पण मला काळजी जुन्याची आहे. आपल्याकडे साठ-सत्तर वर्षांची महाविद्यालयं, रुग्णालयं, कारखाने आहेत. त्यांच्या गोदामांत १९८३ च्या आधी आलेलं सामान आहे. जाडी मोजणारी, पातळी मोजणारी, ओलावा मोजणारी कित्येक औद्योगिक उपकरणं लहानसा स्रोत बाळगतात, आणि कारखाना बंद पडला की यंत्रसामग्री बँकेच्या लिलावात जाते. तिथे किंमत ठरवणारा मूल्यांकनकार लोखंडाचं वजन करतो.

यावर मोठी योजना नको. जुन्या सामानाचं निर्लेखन करणाऱ्या समितीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवावा : ही वस्तू काय करते, हे सांगणाऱ्या माणसाचं नाव आणि सही. सही मिळाली नाही तर वस्तू लिलावात जाणार नाही. निवृत्त माणसाला फोन करावा लागेल, कपाटं उचकावी लागतील, पाटीवरचा मॉडेल क्रमांक शोधावा लागेल. गॅमासेल २२० हे दोन शब्द कुणीतरी तपासून पाहिले असते, तर त्या यंत्राला न्यायला ट्रकऐवजी ट्रॉम्ब्याच्या अणुसंशोधन केंद्रातून माणसं आली असती.